तीस रुपये पगाराचा कॉम्प्युटर

१८३१ साली कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजातला अठरा वर्षांचा एक विद्यार्थी दरमहा तीस रुपये पगारावर देशाची जमीन त्रिकोणांच्या जाळ्याने मोजणाऱ्या ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे या सरकारी खात्यात रुजू झाला. त्याचे नाव राधानाथ सिकदार आणि त्याच्या पदाचे नाव कॉम्प्युटर. हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी थबकलो आणि तेच वाक्य पुन्हा वाचले. कॉम्प्युटर रोज सकाळी डबा घेऊन कामावर जात असेल, महिनाअखेरीस पगाराची वाट पाहत असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. तेव्हापासून या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘पुतारे’ या क्रियापदात आहे आणि ते शेतकऱ्यांच्या बोलण्यातले आहे. वेल छाटणे, साफ करणे हा त्याचा अर्थ. पुढे हिशेब साफ करणे, मोजणे आणि अखेर विचार करणे असे अर्थ त्याला जोडले गेले. ‘कॉम’ म्हणजे एकत्र, म्हणून ‘कॉम्प्युतारे’ म्हणजे सगळे एकत्र मोजणे. इंग्रजीतले अकाउंट आणि रेप्युटेशन याच घराण्यातले, आणि अवयव कापण्याला डॉक्टर जे अँप्युटेशन म्हणतात तेही. छाटणीचा हिशेबाशी काय संबंध, असा प्रश्न नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला पडणार नाही. एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची गोडी छाटणी, हातात कात्री घेतलेला माणूस प्रत्येक काडीवर किती डोळे राखायचे हे मोजूनच काडी कापतो.

इंग्रजीत हा शब्द १६१३ सालापासून छापील स्वरूपात सापडतो आणि पुढची तीनशेहून अधिक वर्षे त्याचा मुख्य अर्थ आकडेमोड करणारा माणूस असाच राहिला. दर्यावर्दींसाठी ब्रिटनमध्ये १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग निघू लागले, तेव्हा नेव्हिल मॅस्केलीन या राजज्योतिर्विदाने गावोगावच्या कॉम्प्युटरांना घरबसल्या काम दिले. चंद्राच्या स्थितीची तीच गणिते दोघांकडून स्वतंत्रपणे करून घ्यायची आणि तिसऱ्याने ती ताडून पाहायची, अशी पद्धत होती. लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स यांचे काम आधी नवऱ्याच्या नावावर चाले. १७८४ मध्ये तो वारल्यावर त्यांनी ते स्वतःच्या नावाने चालू ठेवले.

हे काम कसे असे, याची थोडी कल्पना मला वडिलांच्या लॉग टेबलवरून, म्हणजे मोठे गुणाकार बेरजेने करता यावेत म्हणून छापलेल्या लॉगॅरिदमच्या कोष्टकांवरून, येते. त्या पुस्तकाची पाने आता पिवळी पडली आहेत आणि तेवीस आकड्याच्या ओळीखाली पेन्सिलीची एक पुसट रेघ आहे. २.३४५ चा लॉग हवा असेल तर त्या ओळीत चार या अंकाखाली ३६९२ सापडतात, उजवीकडच्या फरकाच्या रकान्यात पाचाखाली नऊ असतात, आणि बेरीज होते ३७०१. एका आकड्यासाठी दोनदा बोट फिरवायचे आणि एकदा बेरीज करायची. सर्वेक्षणाच्या एकेका त्रिकोणासाठी असे किती आकडे लागत असतील आणि त्यातला एक चुकला तर पुढचे किती त्रिकोण चुकत असतील, याचा विचार केला की त्या माणसांविषयी आदर वाटतो.

पुढे सिकदार मुख्य कॉम्प्युटर झाले. आज आपण ज्याला एव्हरेस्ट म्हणतो ते पंधरा क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच असल्याचा निष्कर्ष १८५२ च्या सुमारास याच खात्याच्या आकडेमोडीतून निघाला. त्याचे श्रेय नेमके कोणाचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला अधिक सलते ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. १८५१ साली निघालेल्या सर्वेक्षणाच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तकात गणिताचा अवघड भाग सिकदारांनी लिहिला होता आणि प्रस्तावनेत तसे नमूदही केले होते. ते १८७० मध्ये वारले आणि १८७५ च्या आवृत्तीतून ती पोच गाळली गेली. मजकूर राहिला, लिहिणाऱ्याचे नाव गेले. माझ्या मते कॉम्प्युटर या शब्दाचे पुढे जे झाले, ते याहून फार वेगळे नाही.

मराठीने ‘संगणक’ हा शब्द स्वीकारला आणि तो मला मनापासून आवडतो, कारण ‘कॉम’च्या जागी ‘सम्’ अगदी चपखल बसतो, आणि ‘गणक’ म्हणजे तर जुन्या ग्रंथांतला ज्योतिषी किंवा मोजदाद करणारा माणूसच. परंतु आपल्याकडे संगणक जन्मला तो यंत्र म्हणूनच. इंग्रजीत मात्र माणूस आणि यंत्र हे दोन्ही अर्थ काही काळ शेजारी शेजारी नांदले. फिलाडेल्फियात तोफगोळ्यांच्या मार्गाची गणिते करणाऱ्या तरुणी पदाने कॉम्प्युटर होत्या; त्यांच्यातल्याच सहा जणी निवडून त्यांच्यावर एनियाक (ENIAC) या इलेक्ट्रॉनिक गणनयंत्राला काम शिकवण्याची जबाबदारी सोपवली गेली. १९४६ मध्ये ते यंत्र जगापुढे आले, आणि त्याच्या नावातले शेवटचे अक्षरही कॉम्प्युटरचेच होते.

अमेरिकेतल्या लँगली संशोधन केंद्रात कॅथरीन जॉन्सन १९५३ साली कृष्णवर्णीय महिला कॉम्प्युटरांच्या वेगळ्या विभागात नोकरीला लागल्या. फेब्रुवारी १९६२ मध्ये अंतराळवीर जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघायचे होते आणि त्यांच्या यानाच्या मार्गाचे आकडे यंत्राने काढून ठेवले होते. ग्लेन यांनी उड्डाणापूर्वी सांगितले की ते आकडे जॉन्सनबाईंकडून तपासून घ्या. बाईंनी टेबलावरच्या गणनयंत्रावर तीच समीकरणे पहिल्यापासून सोडवली, आणि उत्तरे जुळल्याचे त्यांनी कळवल्यावरच ग्लेन निघाले.