मॉरिशसला गेलो आणि सुरसागरचा महादेव भेटला

जूनच्या शेवटी आम्ही तिघं मॉरिशसला जाऊन आलो, मी, नवरा आणि सासूबाई, आणि आल्यापासून बडोद्यात दांडिया बाजारात जो भेटेल तो एकच विचारतोय, बीच कसे होते. बीच मस्तच आहेत हो, पण ते फोटोत दिसतात तसेच आहेत, त्यात मी वेगळं काय सांगणार. मला सांगायचंय ते बेटाच्या आतलं, ज्वालामुखीनं बनवलेलं मॉरिशस, जे पॅकेजवाले 'साउथ टूर' म्हणून एका दिवसात उरकतात. आमचंही तसंच उरकलं. मग नवरा चिडला आणि दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरसकट गाडी करून आम्ही तीच ठिकाणं पुन्हा केली, म्हणून हे लिहितेय, तुम्ही पहिल्यांदाच नीट करा.

आधी जायचं कसं ते सांगते. बडोद्याहून मुंबईपर्यंत ट्रेन, तिथून साधारण सहा तासांचं विमान. आपल्या पासपोर्टला आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिकडे उतरल्यावर फुकट शिक्का मारतात, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग प्रिंट काढून हातात ठेवा, मोबाईलची बॅटरी नेमकी तिथेच संपते (आमची संपली). निघायच्या आधी एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो तो विसरू नका. घड्याळ दीड तास मागे करायचं. प्लग चौकोनी तीन पिनांचे असतात, अडॅप्टर इथूनच घ्या. ताजी फळं अजिबात नेऊ नका, आणि रोजच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर हवीच, औषधांच्या बाबतीत ते लोक फार कडक आहेत. सासूबाईंचे थेपले फॉर्मवर लिहून दाखवले, काही त्रास झाला नाही.

राहायला बरेच जण उत्तरेला ग्रां बेला जातात, बाजार-बिजार तिकडे आहे. पण ज्यांना मी सांगतेय ते बघायचंय त्यांनी पश्चिमेला फ्लिक आं फ्लाकला राहावं, शामारेल (सात रंगांची माती) आणि ल मॉर्नचा डोंगर तिथून जवळ पडतात. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण ६५ किमीच्या आसपास, तरी डोंगरातले रस्ते वळणावळणांचे, शामारेलच्या घाटात मला चक्क मळमळायला लागलं, आवळासुपारी जवळ ठेवा.

शामारेलला सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. पॅकेजमध्ये आम्ही दुपारी पोचलो तेव्हा सात बसेस उभ्या, आणि सात रंगांच्या मातीपेक्षा सात रंगांच्या टोप्याच जास्त दिसल्या. दुसऱ्या खेपेला सकाळी नुकतं ऊन आलेलं आणि गर्दी नाही, तेव्हा कळलं लोक का येतात ते. लाल, चॉकलेटी, जांभळट, पिवळसर असे मातीचे उंचवटे, झाड नाही की गवत नाही. बसाल्टचा लाव्हा झिजून झिजून माती झाली, त्यातलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम उरलं, त्यांच्या ऑक्साइडचे हे रंग. आकाश भरून आलं असेल तर रंग फिके दिसतात, त्या दिवशी प्लॅन बदला सरळ. मातीवर पाय ठेवू देत नाहीत, कठड्याबाहेरून बघायचं. बाहेर काचेच्या नळीत तीच माती विकतात, ती घेतली नाही तर घरी बोलणी बसतात म्हणून घ्या. त्याच तिकिटात आतला धबधबाही येतो, जवळजवळ १०० मीटरचा, आणि मोठी कासवं आहेत, सासूबाई तिथेच अर्धा तास.

मग गंगा तलाव, ज्याला ग्रां बासें पण म्हणतात. हे म्हणजे ज्वालामुखीच्या तोंडात साठलेलं पाणी. गाडी वळली आणि समोर १०८ फुटी महादेव, हातात त्रिशूळ, आणि आम्ही तिघंही एकदम गप्प. कारण तो आपल्या बडोद्याच्या सुरसागर तलावातलाच महादेव आहे! खरंच, आपल्या तलावातल्या मूर्तीवरूनच ती केलीय, आपली थोडी जास्त उंच, आणि आता सोन्यानं मढवलेली, तिकडची तांबूस आहे आणि पाण्यात नाही, रस्त्याकडेला उभी आहे. सासूबाई वर बघत म्हणाल्या, "अरे, एवढे पैसे खर्चून मला सुरसागरलाच आणलंस होय?" आणि मग पदर डोळ्याला लावला, ते मी बघितलं.

१९७२ मध्ये तिथल्या पाण्यात गंगेचं पाणी आणून मिसळलं, म्हणून गंगा तलाव. महाशिवरात्रीला लाखो लोक बेटभरातून चालत येतात, त्या दिवसांत रस्ते भरलेले, फक्त बघायला म्हणून जाऊ नका. इतर दिवशी निवांत असतं. माकडं प्रसाद हिसकावतात, चष्मा सांभाळा. आणि वर गार वारा असतो, जून-जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा, खाली बीचवर टी-शर्ट आणि इथे स्वेटर.

घाटावर एक आजी भेटल्या, बोलायच्या क्रिओलमध्येच (तिकडची फ्रेंचवरून झालेली बोली), पण आम्ही मराठी ऐकल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, आम्ही पण मराठी, पणजोबा रत्नागिरीचे. मराठी तुटक, पण आरती अख्खी पाठ. तिकडे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते हे मला माहीतच नव्हतं. त्यांच्याच सांगण्यावरून आम्ही पोर्ट लुईचा आप्रवासी घाट बघितला, जिथे १८३४ पासून आपल्याकडचे करारावरचे मजूर जहाजातून उतरले, युनेस्कोच्या यादीत आहे. वर जायच्या दगडी पायऱ्या अजून आहेत, जेमतेम १६. पाच मिनिटांत बघून होतं पण पाय निघत नाही. रविवारी जाऊ नका, बंद असतं.

क्युरपिप गावातलं त्रू ओ सेर हे ज्वालामुखीचं विवर पॅकेजमध्ये दहा मिनिटांचा फोटो स्टॉप असतं. आम्ही काठावरून पूर्ण फेरी मारली. आत खाली गच्च झाडी आणि तळाशी थोडं पाणी, कधीकाळी इथून आग निघत होती हे पटत नाही. तिथे नवऱ्याचं लेक्चर झालं (भूगर्भशास्त्र शिकलाय, सुटका नाही) की जमिनीच्या पोटातल्या ज्या गरम ठिपक्यावरून (हॉटस्पॉट) ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा निघाला, त्याच ठिपक्यानं पुढे मॉरिशस केलं आणि आता शेजारचं रियुनियन बेट पेटतं ठेवलंय. म्हणजे आपला बडोद्याजवळचा पावागड डोंगर आणि हे विवर लांबचे भाऊ. मी म्हटलं बरं झालं, महादेव पण तोच आणि दगड पण तोच. क्युरपिपला पाऊस कधीही येतो, ढग आले की विवर दिसतच नाही, सकाळी जा.

ल मॉर्नचा डोंगर आम्ही खालूनच बघितला, पळून आलेले गुलाम तिथे लपायचे. चढायचं तर पहाटे आणि गुडघे चांगले असतील तरच. इल ओ सेर बेट, समुद्राखाली चालणं वगैरे सगळे करतातच, दर घासाघीस करून निम्म्यावर येतात एवढंच सांगते.

खाण्याचं टेन्शन नको. रस्त्यावर दाल पुरी घ्या, जोडीनं देतात, आत वाटलेली पिवळी डाळ, बरोबर वालासारख्या दाण्यांची भाजी आणि चटणी. सासूबाईंनी पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, ही तर बिनगुळाची पुरणपोळी. चार दिवस दुपारचं जेवण तेच. फक्त गाडीवर सुटे पैसे द्या, आणि तिखट चटणी आधी चिमूटभर लावून बघा, मी शेव-उसळीच्या भरवशावर भसकन घातली आणि परतीच्या रस्त्यावर दीड बाटली पाणी एकटीनं संपवलं.