लोणच्याच्या बरणीतली हुमणी

गेल्या भाद्रपदात माळाच्या तुकड्यातला ऊस पिवळा पडायला लागला. मला वाटलं, पाणी कमी पडलं. आबांनी एका बेटाला हिसका दिला तर अख्खं बेट हातात आलं. खाली मुळ्याच नव्हत्या. "शेंडे काय बघतोस? बूड बघ," म्हणाले. टिकावानं वीतभर उकरलं, तर एका बेटाखाली अकरा हुमण्या, म्हणजे मुळ्या खाणाऱ्या अळ्या. पांढऱ्याफटक, चंद्रकोरीसारख्या वळलेल्या, डोकं तेवढं तपकिरी नि टणक.



दहा साळुंक्यांना टाकल्या. अकरावी मी आईच्या लोणच्याच्या काचेच्या बरणीत मातीसकट घातली. फरशीवर ठेवली की बिचारी कुशीवर पडून नुसती वळवळायची. मातीवर सोडली की डोकं खुपसून गुडूप. मुळ्या घातल्या, गाजराचे तुकडे घातले, सगळं फस्त.

दिवाळीनंतर तिनं खाणं सोडलं आणि थेट बुडाशी गेली. काचेला लागूनच तिनं अंगानं माती दाबून गुळगुळीत खोली केली, म्हणून मला सगळं दिसलं. आधी कोष, मग मार्गशीर्षात त्यातून तपकिरी भुंगेरा. पंख तयार, पाय तयार. आता वर येईल म्हणून मी रोज बघायचो. तो हललाच नाही. तब्बल पाच महिने, अन्नाचा कण नाही, त्या खोलीत बसून वळवाची वाट बघत होता.

आणि वर येऊन तरी काय? अंधार पडला की बाहेर, कडुनिंब-बाभळीवर पाला खायचा, जोडी जमवायची, उजाडायच्या आत पुन्हा मातीत. मादी पन्नास-साठ अंडी घालते, तीही मातीतच. औषध टाकायला आपण जातो ऑगस्ट-सप्टेंबरात, अळी मोठी झाल्यावर. भुंगेरा हाती सापडतो तो वळवानंतरच्या मोजक्या रात्रींतच.

मेअखेर वळीव झाला. मी बरणीतही तांब्याभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला बरणीतली माती फुगली, फुटली. बाहेर आबा लांब काठीनं कडुनिंब झोडपत होते, खाली रॉकेल घातलेल्या पाण्याची बादली.

"आण तुझा पाहुणा," म्हणाले.

आणला. टाकला.

आई दारात उभी होती. "बरणी घासून देऊ नकोस," म्हणाली, "आता ती तुझीच."