चित्रदुर्गचा लाव्हा आणि लेखाशाखेतील फाईल

सांगलीकराला लाव्हा म्हटले की दंडोबाच्या डोंगरातला काळा दगड आठवतो. तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. माझ्या प्रबंधाचा विषय मात्र कर्नाटकातील चित्रदुर्गचा पट्टा होता, जिथला लाव्हा २५० कोटींहून अधिक वर्षे जुना असून क्लोराइटसारख्या खनिजांमुळे हिरवट झाला आहे. सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवरील भूवैज्ञानिक माहिती घरबसल्या मिळाली. मिरजेहून हुबळीमार्गे जाऊन क्षेत्रकामही पार पडले.

अडले ते वयमापनाच्या पैशांपाशी. बेसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या लाव्हा-खडकात, झिरकॉन हे वय मोजायला उपयोगी पडणारे, युरेनियम असलेले खनिज सहसा मिळत नाही. म्हणून लाव्हाच्या जोडीने सापडणाऱ्या ऱ्हायोलाइट या फिकट ज्वालामुखी खडकातून ते वेगळे काढून त्यातील किती युरेनियमचे शिसे झाले, हे मोजावे लागते. वय कळल्याशिवाय नकाशाला इतिहास म्हणता येत नाही, असे माझे ठाम मत आहे. पण प्रयोगशाळा आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय नमुने स्वीकारीत नव्हती आणि आमच्या संस्थेची लेखाशाखा अंतिम बिल पाहिल्याशिवाय रक्कम सोडीत नव्हती. माझा अर्ज ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ एवढा शेरा घेऊन येई. त्रुटी कोणती, ते कागदावर कुठेच नसे. विचारायला गेले की संबंधित साहेब रजेवर असत किंवा फाईल दुसऱ्या टेबलावर गेलेली असे. अख्खा पावसाळा असा गेला आणि नमुन्यांच्या पिशव्या विभागाच्या कपाटात पडून राहिल्या. शेवटी एका ज्येष्ठ लिपिक बाईंनी सांगितले, “प्रयोगशाळेकडून प्रोफॉर्मा इनव्हॉइस, म्हणजे कामाआधीचे अंदाजी बिल, मागवा, मार्गदर्शकांची शिफारस जोडा आणि अर्जात प्रतिपूर्ती (खर्चानंतरची भरपाई) न लिहिता अग्रिम (आगाऊ रक्कम) लिहा.” तसे करताच मंजुरी मिळाली. एवढे सांगायला कोणालाही एक मिनिट पुरले असते, याचा राग अजून गेलेला नाही. म्हणून हे प्रोफॉर्मा इनव्हॉइस क्षेत्रकामाला निघण्यापूर्वीच मागवावा.

क्षेत्रकामातील एक गोष्ट आवर्जून सांगतो. चित्रदुर्गजवळच्या मारडीहळ्ळीला पाण्याखाली थिजलेल्या लाव्हाच्या उशा, म्हणजे उशीच्या आकाराचे गोळे, उघड्या दिसतात. प्रत्येक उशीची वरची बाजू फुगीर असते, तर खालचे टोक आधीच्या दोन उशांमधील फटीत घुसलेले असते. थर उभे झालेले असले तरी त्या टोकांवरून मूळची वरची बाजू कोणती ते ठरते, म्हणून नोंदवहीत त्या टोकांची दिशा लिहावी. ते राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तिथे हातोडा चालवू नये.

निकाल आले तेव्हा वय सुमारे २६० कोटी वर्षे निघाले, या पट्ट्यातील ऱ्हायोलाइटच्या पूर्वीच्या मापनांशी जुळणारे. अभिमान वाटला. आणखी एक: झिरकॉन काढण्यासाठी दगडाचा चुरा करतात, त्यामुळे नमुना पाठवण्यापूर्वी त्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखालील पातळ छेदासाठी, त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून, स्वतःकडे ठेवावा.