तुम्ही विचारलंत म्हणून: वावरात खापरं निघाली तर प्लॉट अडकतो का?

तापी, पांझरा, गिरणेच्या काठानं जुन्या वस्त्यांच्या खुणा बघत फिरणं हे माझं काम. गावात पारावर टेकलं की कुणीतरी विचारतंच, "भाऊ, खापरं निंघनात तर आमनं वावर सरकार लई लेई का?" विचारणाऱ्याचा एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती करण्याचा, अर्ज गेलेला असतो, कधीकधी इसारही घेऊन झालेला असतो.

नाही घेत. प्लॉटही सहसा अडकत नाही. मला विचाराल तर तो जरा जास्तच सहज सुटतो.

केंद्राचं संरक्षित स्मारक शेजारी असेल, तर स्मारकांच्या कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनुसार त्याच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण खानदेशातल्या बहुतेक जुन्या वस्त्या कुठल्याच यादीत नाहीत. तिथं लेआउट टाकण्याआधी खाली काय आहे ते बघण्याची सक्ती नाही. इंग्लंडात 1990 पासून बांधकामाची परवानगी मागणाऱ्यानंच आधी तपासणी करून घ्यायची आणि खर्चही त्यानंच सोसायचा, अशी पद्धत रुळली. आपल्याकडे मातीपरीक्षण होतं ते पाया किती खोल घ्यायचा यासाठी. गुप्तधनाचा 1878 चा कायदा आहे खरा, पण मूळ कायद्यात कलेक्टरला कळवायचं ते दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर. फुटक्या मडक्याला दहा रुपये कोण देणार?

लोकांना वाटतं, जुनी जागा म्हणजे प्रकाशा गावात आहे तसं मोठं टेकाड. तापी-गोमाईच्या संगमावरच्या त्या टेकाडावर 1955 मध्ये बी. के. थापर यांनी उत्खनन केलं आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरणाऱ्या माणसांपासूनच्या, वस्तीचे थर एकावर एक मिळाले. असं टेकाड निदान नजरेत भरतं. (पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणाची, माती खत म्हणून गाड्या भरभरून नेण्याची आपली जुनी सवय आहे, त्यातून ही टेकाडंही पूर्ण सुटलेली नाहीत.)

माझा जीव खालीवर होतो तो सपाट वावरांसाठी. साक्री तालुक्यात कान नदीकाठचं कावठे घ्या. चार हजार वर्षांच्या आसपासची शेतकऱ्यांची वस्ती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं 1980 च्या दशकात तिथं खोदलं तेव्हा जमिनीत खड्डा घेऊन केलेल्या घरांच्या खुणा मिळाल्या. अशा ठिकाणी भिंत नसते, वीट नसते. असतो तो मातीच्या रंगातला फरक, थोडी राख, थोडी खापरं. जेसीबीनं एका सकाळी लेव्हलिंग केलं की पातळ थर भरावात जातो, आणि ड्रायव्हरला काही मोडल्याचं कळतही नाही.

पाटणादेवीला आपण दर्शनाला जातो, त्याच भागातल्या पाटणे इथं एस. ए. साळी यांनी 1972-73 मध्ये उत्खनन केलं. दगडी हत्यारांसोबत शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले, त्यातल्या एकावर रेघांची नक्षी कोरलेली. वय सुमारे 25,000 वर्षं. चाळीसगाव तालुक्यात शहामृग! असा तुकडा नखाएवढा. तो थरातच सापडला म्हणून त्याचं वय सांगता आलं. मुरमाच्या ढिगात मिळाला असता तर कुणी उचललाही नसता.

म्हणून मी बिल्डरांना एवढंच म्हणतो, लेव्हलिंगच्या आधी आम्हाला वावर चालू द्या. नांगरट झालेली असावी, एखादा पाऊस पडून गेलेला असावा. मग खापर आणि घडवलेली गारगोटी धुऊन वर दिसते. थोड्या थोड्या अंतरानं ओळीत चालायचं, विहिरीच्या आणि नाल्याच्या कापलेल्या बाजू बघायच्या. खापरं एका जागी दाटली असतील तर तिथं छोटा चाचणी-खड्डा घ्यायचा, आणि माणसाची काहीच खूण नसलेली कोरी माती लागेपर्यंत थर नोंदवत उतरायचं. बहुतेक वावरांत काही निघत नाही. निघालंच तर तेवढा कोपरा लेआउटमधल्या मोकळ्या जागेत घेता येतो, जी तुम्हाला तशीही सोडावी लागतेच.

तुमच्याकडे काम सुरू झालं असेल तर सापडलेली वस्तू घासूनपुसून लख्ख करू नका. जागेवर असतानाच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, गट नंबर आणि खोली लिहून ठेवा. मग धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दाखवा, नाहीतर पुरातत्त्व खात्याला कळवा. सातबारा सोबत न्यायची गरज नाही.