निनावी तक्रार, पण युनिटमध्ये तिघीच

रॅगिंगची निनावी तक्रार करा, असं सांगणाऱ्यांनी सर्जरीचं युनिट बघितलेलं नसतं. आमच्या युनिटला जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंट डॉक्टर, आम्ही तिघीच होतो. "मंगळवारच्या इमर्जन्सीनंतर ड्रेसिंग ट्रॉलीपाशी सिनियरने फाईल तोंडावर फेकली" एवढं लिहिलं, की नाव कशाला हवं? त्या रात्री ड्युटीवर कोण होतं ते रोस्टरच, म्हणजे ड्युटीचा तक्ताच, सांगतो. आणि थिसिसवर सही करणारे सरही त्याच युनिटचे.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. लेखी तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करणं संस्थाप्रमुखांवर बंधनकारक. तक्रार विद्यार्थ्यानेच करावी असंही नाही. आईवडील किंवा शिक्षकही करू शकतात. (माझ्या आईला हे कळलं असतं तर डीनचं काही खरं नव्हतं!) यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 1800-180-5522 या हेल्पलाइनवर नाव न सांगताही तक्रार घेतात.

मी आता लेक्चरर आहे. ज्युनियर्स विचारतात तेव्हा सांगते, तुझ्या एकटीचा प्रसंग लिहू नकोस. सगळ्यांना लागू होईल ते लिही: सलग किती तास ड्युटी, जेवायला कधी सोडलं, शिक्षा म्हणून लावलेल्या जादा नाईट्स. रोस्टरचा फोटो काढून ठेव, पण कॉलेजच्या वायफायवरून पाठवू नकोस. जमल्यास दुसऱ्या युनिटच्या मुलींना सोबत घे. पाच विभागांतून एकसारखं पत्र गेलं, की "कोणी लिहिलं?" याचा शोध घेणाऱ्यांची जरा पंचाईत होते.

तरी शोध घेतातच.