वॉरिकमधली वारसनोंद

मी टूर गाईड. इंग्लंडच्या सहलीत वॉरिकला माझ्याकडे दोन तास असतात आणि ते किल्ल्यातच संपतात. त्या दिवशी बसचा दरवाजा अडकला, वर भुरभुर पाऊस. मेकॅनिक येईपर्यंत मंडळींना सेंट मेरीज चर्चमध्ये नेलं. चहा कुठे, बाथरूम कुठे हे झाल्यावर सात-आठ जण उरले. त्यांना घेऊन बीचम चॅपलमध्ये गेलो.

मधोमध रिचर्ड बीचम, वॉरिकचा अर्ल म्हणजे बडा सरदार, चिलखतासकट उताणा पहुडलेला. पंधराव्या शतकातली ओतीव, मुलामा दिलेली मूर्ती. हातावरच्या शिरासुद्धा दिसतात. तळवे नमस्कारासारखे जुळलेले नाहीत, थोडे अंतर ठेवून उचललेले. नजर थेट छतावरच्या मेरीकडे. मी नेहमीची टेप लावली : जन्म १३८२, जेरुसलेमची यात्रा, बालराजा सहाव्या हेन्रीचा शिक्षक, जोन ऑफ आर्कवर खटला चालला तेव्हा फ्रान्समधल्या रुआँच्या किल्ल्याचा कारभारी, १४३९ मध्ये तिथेच मृत्यू.

"मुलंबाळं किती?" मागून प्रश्न आला. साताऱ्याकडच्या एक निवृत्त तलाठी बाई होत्या.

पहिल्या बायकोच्या तीन मुली. दुसरीचा हेन्री आणि ॲन. हेन्री १४४६ मध्ये गेला, १४४९ मध्ये त्याची चिमुरडी मुलगीही गेली. मग इस्टेट ॲनकडे, कारण ती हेन्रीची सख्खी बहीण, बाकीच्या सावत्र. त्यांनी अर्थातच तक्रार केली.

"करणारच!" बाई खूश झाल्या. "आणि या कोण?"

थडग्याभोवती वीतभर उंचीच्या नव्हे, चांगल्या ठसठशीत अशा चौदा शोकमूर्ती आहेत. सात पुरुष, सात स्त्रिया. खालच्या ढालींवरून ओळखायच्या. लेकी, जावई, सून. म्हणजे इस्टेटीवरून भांडलेल्या सगळ्या बहिणी बापाभोवती मुकाट उभ्या. इतकी वर्षं मी इथे येतोय, पण हे मला कधी सुचलं नव्हतं.

ॲन दाखवली. नवरा रिचर्ड नेव्हिल, राजे बसवणारा आणि उठवणारा. तो १४७१ मध्ये बार्नेटच्या लढाईत पडला. ॲनचे दोन्ही जावई म्हणजे राजा चौथ्या एडवर्डचे सख्खे भाऊ. सासूच्या जमिनीसाठी ते हटून बसले. ॲन ब्यूली मठाच्या आश्रयाला. तिथून तिने अर्ज केले, कारकून नाही म्हणून स्वतःच्या हाताने. १४७४ मध्ये संसदेने कायदाच केला : ती मेली आहे असं समजून वाटणी करावी.

"बाई जिवंत असताना?"

"हो. १४९२ पर्यंत जगली."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "आमच्याकडे एक आजी यायच्या. उताऱ्यावरून नाव उडवलेलं. मी जिवंत आहे हे लिहून द्या म्हणायच्या." मग एकदम, "हिचं दुरुस्त झालं का?"

१४८७ मध्ये राजा सातव्या हेन्रीने जमिनी परत दिल्या. तिने त्यातल्या बहुतेक लगेच त्यालाच लिहून दिल्या.

"म्हणजे सहीपुरत्या परत दिल्या."

फोन वाजला, बस तयार होती. मंडळी अर्लसाहेबांसोबत सेल्फी काढत होती. बाई मात्र गुडघा टेकून, खाली वाकून ॲनच्या चेहऱ्याचा फोटो काढत होत्या. तीनदा हलला, चौथा नीट आला.