वजन बरोबर हाय, मग पोटाला टेप कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून, आणि रोज कुणीतरी विचारतंच म्हणून, एकदा लिहूनच टाकतो. “वजन ६२ किलो हाय, कुठं जाड हाय मी? टेप कशाला लावताय?”

पूर्वी मीही काट्यावरच भिस्त ठेवायचो. पण काटा हाड, मांस, चरबी सगळं एकत्र तोलतो. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. आपल्याकडची ही चरबी पोटात, आतड्यांभोवती जास्त साठते. तिथून मेदाम्लं (चरबी फुटून सुटणारी आम्लं) यकृतात उतरतात, रक्तातलं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, चढतं आणि शरीर साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला दाद देईनासं होतं.

म्हणून टेप. पण ती नीट लावा हो! पँटचा नंबर सांगू नका, पँट पोटाखाली बांधलेली असते. शर्ट वर घ्या. कुशीत शेवटची बरगडी चाचपा, मग कमरेचं हाड; दोन्हींच्या मधोमध पेनानं खूण करा. टेप जमिनीला समांतर हवी. पाठीमागं घसरली नाही ना, हे दुसऱ्याला बघायला सांगा. कातडीला टेकावी, रुतू नये. श्वास सहज सोडून झाला की आकडा घ्या. पोट आत ओढून घेतलेला आकडा उपयोगाचा नाही. दोनदा मोजा, सेंटीमीटरहून जास्त फरक आला तर परत. शिलाईची जुनी टेप ताणलेली असते, ती नको.

कंबरेची हद्द पुरुषांना ९० सेंटीमीटर, बायकांना ८०. याच्या जोडीला रक्तदाब १३०/८५, उपाशीपोटी साखर १००, ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून वर, आणि एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, पुरुषांत ४०, बायकांत ५० च्या खाली. पाचांतली तीन जुळली की मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडं नेणारा हा जमाव.

“मग तालमीतला पैलवान?” हे हमखास येतं. बीएमआय २८, कंबर ८६: तो मांसल आहे, तिथं काटाच चुकतो. पण कुस्ती सुटल्यावर जोर-बैठका बंद होतात आणि दूध-तूप-बदामाचा खुराक तसाच राहतो. त्यानं तर सहा महिन्यांनी टेप लावायलाच हवी.

भारतीय पुरुषांनी कंबर ७८ आणि बायकांनी ७२ झाल्यापासूनच सावध व्हावं, असंही संशोधकांनी सुचवलंय. ७८ धरला तर फारच थोडे सुटतील. ९० धरला तर ८५ वाला निर्धास्त होऊन घरी जातो. त्याला जाऊ देताना मन खातंच.